मामांच्या खिशातला स्क्रू

आमच्या अग्निशमन केंद्रात दोन बंब आहेत, एक नवा डिझेलचा आणि एक जुना पेट्रोलचा. जुना मी चालवतो आणि त्याचं इंजिन माझे सासरे सांभाळतात. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला चारचौघांत मुद्दाम जावईबापू म्हणतात, म्हणजे इतरांना हसायला बरं.

मामांची टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावायची पद्धत ठरलेली. इंजिन चालू ठेवून आधी व्हॅक्यूमची नळी काढायची, तिच्या तोंडात शर्टाच्या खिशातला एक गुळगुळीत स्क्रू खुपसायचा आणि मगच पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारायची. "नळी ठेवून खूण बघितली तर इंजिन खोटं बोलतं," असं ते सांगत. ही नळी ठिणगी लवकर पाडते, म्हणून खूण आहे त्यापेक्षा पुढे दिसते. पण चढावर पेडल दाबलं की तिचा जोर जातो आणि खरं टायमिंग उघडं पडतं. ते मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर गाडी धापा टाकते. तीस वर्षांत मामांच्या टायमिंगला कोणी बोट ठेवलं नव्हतं.

गेल्या महिन्यात जुना बंब टेकडीच्या चढावर बंद पडायला लागला. पाण्याची टाकी भरलेली असली की अर्ध्यावर फुस्स. मी म्हटलं, इंजिनात जोर नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं!" मामा म्हणाले. "गिअर वेळेवर टाका, जावईबापू."

सगळे हसले. केंद्राचे साहेब मात्र हसले नाहीत. सोमवारी भरल्या टाकीने चढ चढवून दाखवा, नाहीतर बंब दुसऱ्याच्या हाती देतो, असं त्यांनी मला बजावलं. आठ वर्षं मी ते स्टिअरिंग धरलं होतं. दोन रात्री मला धड झोप नव्हती.

सोमवारी सकाळी "तुमच्या समाधानासाठी" म्हणत मामांनी बॉनेट उघडलं. नळी काढली, स्क्रू खुपसला, लाइट मारली. खूण चांगली बोटभर मागे होती. मामा बघतच राहिले.

मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी गुपचूप डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून खूण जागेवर आणली असती, तर जन्मात कळलं नसतं. पण त्यांनी इंजिन बंद केलं आणि तेलकट हातांनीच जाऊन साहेबांना बोलावून आणलं.

"साहेब, गाडी जावईबापूंनी नाही, मी बंद पाडली. मागच्या वेळी नळी न काढताच टायमिंग लावलं मी."

"तुम्ही? आणि नळी विसरलात?"

मामांनी मान खाली घातली. "लाइट हातात घेतली आणि हॉस्पिटलातून फोन आला, नात झाली म्हणून, यांचीच लेक. कधी एकदा जातोय असं झालं होतं. स्क्रू खिशातच राहिला."

खरं तर मला राग यायला हवा होता. महिनाभर चेष्टा मी सोसली होती. पण डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुराच्या नावावर खपवलं. अशा माणसाचा मी जावई आहे, याचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मामांनी टायमिंग लावलं, नळी जोडली. भरल्या टाकीने बंब एकदाही न अडखळता चढून गेला. शेजारी मामा बसले होते. वर पोचल्यावर त्यांनी तो स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला.

"आजपासून हा तुमच्याकडे. मी लाइट उचलली आणि हा मागितला नाही, तर लाइट हातातून काढून घ्यायची. तेव्हा सासऱ्याचा मान वगैरे ठेवायचा नाही."