एका वाक्याचा करार

कचेरीत तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. थोरले वकील तर तोंडावर म्हणत. थोरले वकील तिचे सख्खे दीर. नवरा गेल्यावर त्यांनी तिला मसुदे तपासायला बसवले ते दयेने नव्हे. त्यांचे इंग्रजी करार न्यायाधीश शेवटपर्यंत वाचेनासे झाले होते. एकेका वाक्यात तीन-तीन अटी कोंबलेल्या. अशील आत शिरला की बाहेरची वाट त्याला सापडत नसे. कात्री लाल पेन्सिल घेऊन तीनच प्रश्न विचारी: कोणी करायचं? काय? केव्हा? जे उत्तर देत नाही ते कापले जाई. आणि सही करणाऱ्याला वाचून दाखवल्याखेरीज कागद खोलीबाहेर जात नसे. थोरले या शिस्तीचे पैसे घेत आणि तिचा दुस्वास करीत.

एका रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर चौदा पानी इंग्रजी करार ठेवला. घर दिवंगत सासऱ्यांचे. मृत्युपत्रानुसार अर्धा हिस्सा तिचा.

“तुझ्याच संरक्षणासाठी आहे. सही कर.”

“वाचते आधी.”

“आता घरच्यांवरही पेन्सिल चालवणार का बाईसाहेब?”

“पेन्सिलीला नाती कळत नाहीत, भाऊजी.”

सासूबाई पलीकडे मटार सोलत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. थोरला म्हणेल तिथे त्या साक्षीदार म्हणून सही करणार होत्या. कात्रीने तिथेच बसून पाने कापायला घेतली. दुसऱ्याला गुंगवण्याची सवय थोरल्यांच्या हाडीमाशी इतकी खिळली होती, की ते जाळे रोज उसवणाऱ्या बाईपुढेही त्यांनी तेच टाकले होते. पूर्वपीठिका गेली, ‘सद्भाव’ आणि ‘परस्पर स्नेह’ गेले, पुनरुक्ती गेली. शेवटी एक वाक्य उरले. ते तिने कोऱ्या कागदावर सोप्या इंग्रजीत लिहिले आणि रिवाजाप्रमाणे मराठीत मोठ्याने वाचले:

“धाकटी सून आपला हिस्सा फुकट सोडते आणि थोरला सांगेल त्या दिवशी घराबाहेर पडते.”

सासूबाईंचे हात थांबले.

“असं उघडंवाघडं कोणी लिहितं का?” थोरले ओरडले.

“मजकूर तुमचाच आहे. मी फक्त वरचं पांघरूण काढलं. चुकलं असेल तर दुरुस्त करा. नसेल तर आधी तुम्ही सही करा, मग मी करते.”

थोरल्यांनी पेन उचलले आणि आईकडे पाहिले.

“कर ना, थोरल्या,” सासूबाई म्हणाल्या. “तुझंच आहे म्हणते ती. तू केलीस की मीही करीन. तेवढं तरी कळेल मला कशाखाली केली ते.”

थोरल्यांना ते जमले नाही. चौदा पानांखाली नाव घालणारा हात एका ओळीपाशी अडला. पेनाचे टोपण लावून ते ताट न मागताच उठून गेले.

त्या कागदावर अजून कोणाचीच सही नाही, आणि कात्री त्याच घरात राहते. दीर-भावजयीचे बोलणे बंद आहे. रोज सकाळी तिच्या टेबलावर पूर्वीपेक्षा लांब मसुदे येऊन आदळतात, आणि ती पेन्सिलीला टोक काढते.