नंबरबाईंनी मागितलेली मोजणी

धाकट्या जाऊबाईंना राजकारणातलं ओ की ठो कळत नसे. पण थोरल्या जाऊबाईंचे कान ही देवाची देणगी आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

थोरल्या एकवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला यंत्र लावून दिवसभर तारा जोडायच्या. पलीकडे कुणी नुसतं खाकरलं तरी म्हणायच्या, "बोला वकीलसाहेब." एखादी बाळंतीण अडली की डॉक्टरांना हुडकून काढायचं काम त्यांचंच. डॉक्टर कुणाकडे पत्ते कुटत बसलेत, हेही त्यांना माहीत असे. सारं गाव त्यांना 'नंबरबाई' म्हणे, पण चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिलेला.

त्यामुळे नोकरी सोडून त्या आमदारकीला उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्याच निवडणुकीत पंचाईत झाली. त्या मंचावर उभ्या राहिल्या आणि लोक एकमेकांना विचारू लागले, ही कोण बाई? थोरल्या माइकजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "नंबर सांगा."

तो आवाज साऱ्यांनी ओळखला. मग जो हशा पिकला तो थांबेना. एक आजोबा म्हणाले, "नंबरबाई, माझ्या लेकीचा फोन अजून लागायचाय."

"ती घरी असते तेव्हा तुम्ही करत नाही, आजोबा."

त्या निवडून आल्या. पुढे आणखी दोनदा आल्या. धाकट्यांनी घर आणि दोघींची मुलं सांभाळली. कधी टोमणा मारायच्या, "तुम्ही मतं मोजा, मी कुकरच्या शिट्ट्या मोजते." थोरल्या म्हणायच्या, "तुझं खातं जास्त अवघड आहे गं."

तिसऱ्या खेपेला त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं एक विधेयक आणलं. लहान गावांतले बाळंतपणाचे दवाखाने बंद करायचे आणि बायकांनी मोठ्या शहरातल्या इस्पितळात जायचं. यादीत पहिला दवाखाना थोरल्यांच्याच गावचा. पक्षाच्या बैठकीत त्या भांडल्या. पुढाऱ्यांनी गोडीगुलाबीनं समजावलं, "ताई, सभागृहात गप्प बसा. पुढचं तिकीट तुमचं, मंत्रिपदही तुमचं."

मतदानाच्या दिवशी धाकट्या पहिल्यांदाच प्रेक्षकांच्या गॅलरीत बसल्या होत्या. अध्यक्षांनी विचारलं, बाजूनं कोण? दणदणीत 'होय' आलं. विरोधकांचं 'नाही' त्यापुढे अगदीच चिरकं वाटलं. धाकट्यांनी मनात म्हटलं, गेला दवाखाना.

तेवढ्यात थोरल्या उठल्या. "अध्यक्ष महाराज, सदस्यांना उभं करून मतं मोजावीत."

"आवाज स्पष्ट होता, सन्माननीय सदस्या."

"मोठा होता. पुढच्या दोन बाकांनी नरडी ताणली. पण आमच्या मागच्या तीन रांगांतून एकही 'होय' आलं नाही. चौदा जण गप्प होते. सगळ्यांचे आवाज मला पाठ आहेत."

सभागृह हसलं. मागच्या तीन रांगा तेवढ्या हसल्या नाहीत. पुढारी मान वळवून काहीतरी पुटपुटले. ते काय, हे थोरल्यांनी नंतर सांगितलं: "तिकीट गेलं म्हणून समजा." त्या वेळी धाकट्यांना वरून एवढंच दिसलं, की जाऊबाई खाली बसल्या नाहीत.

मोजणी सुरू झाली. बाजूचे उभे राहिले, पण मागच्या रांगा हलल्या नाहीत. मग विरोधातल्यांना उभं राहायला सांगितलं. आधी एक पिकल्या केसांचे मास्तर उठले, मग त्यांच्या शेजारचे, मग आणखी. ओठ दाबून बसलेली ती माणसं एका बाईनं पाठमोरी राहून ओळखली होती. नकळत धाकट्यांचे हात जोडले गेले. विधेयक तीन मतांनी पडलं.

पुढच्या निवडणुकीत तिकीट एका कापड दुकानदाराला मिळालं. तो संकोचत घरी आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बरोबर असाल तर..."

"आधी दवाखान्यात जा," थोरल्या म्हणाल्या. "तो चालू ठेवीन असं तिथल्या नर्सबाईंसमोर, चार लोकांत कबूल करा. मग मी तुमच्यासाठी दारोदार फिरते."

तो गेला आणि धाकट्या उसळल्या, "तुमची जागा बळकावली त्यानं, आणि त्याचाच प्रचार करायचा?"

"अगं, तो निवडून येणारच. मग आपल्याला दिलेल्या शब्दात अडकून आलेला काय वाईट?"

धाकट्यांना वाटलं, असं मन देव कितीजणांना देत असेल? तिसऱ्या दिवशी नर्सबाईंचा निरोप आला, दुकानदार शब्द देऊन गेला. थोरल्या पायांत चपला सरकवत होत्या. धाकट्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि दुकानदारानं धाडलेला पत्रकांचा गठ्ठा उचलला.

"तू कुठे?"

"तुम्ही बोला. मी वाटते."