शांताक्काची दुरडी

माझ्या सासूबाईंना लाडू वळता येत नव्हते. हे आता बोलायला हरकत नाही, कारण रागवायला त्या नाहीत आणि त्यांची बाजू घेऊन माझ्याशी भांडायला शांताक्काही नाही. सासूबाईंचं, रुद्रम्मांचं, उजव्या हाताचं पहिलं बोट विळ्यानं निम्मं गेलेलं. त्यामुळं लाडू एका बाजूनं बसका व्हायचा, आणि सुंठ इतकी की खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. त्यांची लेक इरम्मा मात्र कौतुकानं सांगायची, "अव्वाचा लाडू अंधारात हाताला लागला तरी मला वळखू येतो."

शांताक्का आमची शेजारीण. जळकोटात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं एका खोलीचं घर होतं. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा गेला, पदरात पोर नाही. माहेर होतं कुठंतरी बिदरच्या अंगाला, पण तिथून तिला न्यायला कुणी आल्याचं मी कधी पाहिलं नाही. आणि गंमत बघा, दुसऱ्यांच्या लेकींची माहेरं हीच बाई सजवायची.

सासरी असलेल्या लेकीला नागपंचमीची दुरडी पाठवायची आमच्यात रीत आहे. भाजलेल्या गहू-डाळीच्या पिठात गूळ घालून केलेले तंबिटाचे लाडू, ज्वारीच्या लाह्या, सुक्या खोबऱ्याची वाटी आणि एक चोळी. भावानं दुरडी घेऊन जायचं आणि बहिणीला घेऊन यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत कापड दिसेनासं झालं, तेव्हापासून चोळ्या शिंप्याकडच्या कातरणीतून जोडायची पाळी आली. ते काम शांताक्काचं. गल्लीतल्या आया तिच्या ओट्यावर चिंध्यांची गाठोडी आणून टाकत आणि ती त्यातून अशी चोळी काढी की तुकडे कुठं जोडलेत ते शोधून सापडू नये. टाके बारीक, एका ओळीत, मुंग्या चालल्यासारखे. पंचमीला पोरी त्या चोळ्या घालून झोक्यावर चढत आणि शांताक्का दारात बसून आपली कोणती चोळी सगळ्यात उंच गेली ते बघत राही. कुणी तिला झोक्यावर बस म्हटलं तर म्हणायची, "माझं माहेर कुठाय हितं?"

सासूबाई मात्र आपल्या दुरडीला तिचा काय, माझाही हात लागू देत नसत; चोळीसुद्धा स्वतःच शिवत. "माझ्या लेकीला माझ्या हातचं जाऊ दे. वाकडं का असंना." यावरून दोघींची दरवर्षी जुंपायची आणि संध्याकाळी दोघी एकाच सुपात ज्वारी पाखडत बसायच्या. एकदा माझ्या पोरानं भाकरी अर्धी टाकली, ती सासूबाईंनी उचलून खाल्ली. शांताक्का बघत होती. म्हणाली, "रुद्रे, लेकराचं उष्टं खायचं तेवढं माझ्या नशिबी न्हाय बघ. बाकी समद्यांचं समदं केलं म्या." सासूबाई एरवी टोमणा परतवल्याशिवाय राहत नसत. त्या दिवशी नुसतं सूप पुढं ओढून घेतलं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या भीतीनं गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून हद्दीपलीकडं गेली. आमचं गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आणि इरम्माचं सासर पलीकडं, अक्कलकोटच्या बाजूला. मधे वाट बंद. त्याच ज्येष्ठात सासूबाई तापानं आजारी पडल्या आणि बघता बघता गेल्या. इरम्माला दिवस गेले होते. आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून तिला सांगायचं कुणी आणि कसं? माझे यजमान शरणप्पा म्हणाले, "बाळंत हुस्तवर तिला कळू द्यायचं न्हाय." कळायला मार्गही नव्हता. पण श्रावण आला.

दुरडी गेली नाही तर इरम्मा विचारणार. गेली, आणि माझ्या हातची गेली, तर पहिल्या घासाला ओळखणार. मी हे बोलले तेव्हा यजमानांनी शांताक्काच्या भिंतीकडं बघितलं.

शांताक्का आली, पदर खोचून बसली आणि पहिला घाणा वळला. लाडू असे गोल की मला त्या दुःखातही हसू आलं. "शांताक्का, असा लाडू सासूबाईंनी सपनात तरी वळला आसंल का?" तिनं सगळे फोडले. मग पहिलं बोट दुमडून त्यावर चिंधी बांधली आणि पुन्हा वळायला घेतले. सुंठ इतकी घातली की आम्ही दोघी खोकून बेजार. लाडू बसके झाले, पण चोळी काही वाकडी होईना. टाका सरळच पडायचा. उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा सरळ. शेवटी तिनं सुई डाव्या हातात धरली. "जलमभर नीट करायला शिकले, आन आता वाकडं शिकतीय," असं म्हणून हसली आणि हसता हसता रडायला लागली. टाका घालायची आणि समोर कुणी नसताना विचारायची, "रुद्रे, बघ गं, तुझ्यावानी झालं का?" मला माझ्या सासूची एवढी आठवण त्यापूर्वी आली नव्हती.

घरातली सगळ्यात चांगली, कुठं चीर नाही की डाग नाही अशी खोबऱ्याची वाटी आम्ही निवडून ठेवली.

यजमानांना जाणं शक्य नव्हतं, वाटेवर रझाकार जवान माणसं धरत होते. दुरडी नेली बिभीषण धनगरानं. त्याच्या मेंढरांना हद्द माहीत नव्हती आणि मेंढरांमागच्या माणसाला कुणी फारसं विचारत नव्हतं. घोंगड्याखाली दुरडी घेऊन तो निघाला तेव्हा शांताक्का वेशीपर्यंत मागं गेली. पुढं तो येईपर्यंत तिला जेवण गोड लागलं नाही. पोरीला कळलं आणि पोटातल्याचं काही झालं तर ते आपल्या हातानं होईल, ही एकच धास्ती.

पंचमी उलटून गेल्यावर बिभीषण आला. दुरडी रिकामी परत पाठवत नाहीत, म्हणून तळाशी मूठभर हुलगे होते. हुलग्यांवर आमची वाटी होती. तिच्या कडेला घास काढलेला होता.

"लाडू खाल्ला, काय बोलली न्हाय," बिभीषण सांगायला लागला. "चोळी बघितली, उराशी धरली. मग वाटी हातात घेतली, फिरवून फिरवून कड बघितली. म्हनली, अव्वा दर साली वाटीचा एक घास आपुन खाती आन मग धाडती. म्या खाल्ल्याबिगर तुझ्या अंगी लागायचं न्हाय, आसं म्हनती. यंदा वाटी अख्खी आली. माझी अव्वा हाय का न्हाय, खरं सांगा. तिच्या म्होरं मला काय खोटं बोलवंना."

शांताक्कानं विचारलं, "आन पोर?"

"लई रडली. मग सासूनं भाकर दिली ती खाल्ली. पोटावर हात ठिवून म्हनली, ह्याला म्या सांभाळीन, घोर करू नगा म्हनावं." बिभीषणनं वाटी उचलून शांताक्काच्या हातात दिली. "हिचा घास तिनंच काढलाय. म्हनली, अव्वावानी लाडू करनारी शांताक्काबिगर कोन न्हाय. ही तिला द्या. उष्टी हाय म्हनून सांगा."

शांताक्का बराच वेळ वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "एवढी वर्सं शेजारी बसली रुद्री," ती म्हणाली, "पर हे तेवढं मला बोलली न्हाय." का बोलली नाही, ते उष्ट्या भाकरीचा तो दिवस आठवून आम्हा दोघींनाही कळलं होतं. मग जिनं घरात आलेला गुळाचा खडासुद्धा कधी एकटीनं खाल्ला नव्हता, त्या बाईनं ती वाटी घरात नेली आणि कुणाला तुकडाही दिला नाही.

भाद्रपदात निजामी गेली. कार्तिकात इरम्माला मुलगी झाली. पुढच्या पंचमीला यजमान उघड्या रस्त्यानं दुरडी घेऊन निघाले. या वेळचे लाडू गोल होते, टाके सरळ होते. मी फडकं बांधायला घेतलं तर शांताक्का म्हणाली, "थांब, प्रेमा." तिनं वाटी उचलली. पुढचे दात पडलेले, म्हणून ती दाढेखाली धरून ओढावी लागली. कड वेडीवाकडी तुटली. घास चावत चावत तिनं वाटी दुरडीत ठेवली आणि म्हणाली, "आता बांध."