गाळलेली चार पानं

सकाळी गॅसवर पाणी ठेवायचं आणि ते तापेपर्यंत सोळा वर्षांच्या एखाद्या पोरीचं पहिलं प्रेम वाचायचं, हा ताईंचा नेम होऊन बसला होता. ताईंनी स्वतः पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. पाणी वडिलांचं अंग पुसायला लागायचं, आणि प्रेम नोकरीला.

शहराच्या सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्या मजल्यावर किशोर विभाग होता आणि ताई त्या विभागाच्या एकुलत्या एक वाली. शिपायापासून मुख्य ग्रंथपालांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांची मूळची जागा खाली संदर्भ विभागात. तिथे शांतता होती, जाडजूड कोश होते, आणि कोश वाचून कसं वाटलं असं कुणी विचारत नसे. मग किशोर विभागातली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आलीच नाही, आणि ‘तात्पुरतं बघा हो’ म्हणून दिलेलं काम ताईंच्या गळ्यात पडलं ते पडलंच. कचेरीत तात्पुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं.

काम ऐकायला सोपं. शाळकरी आणि कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी निघणाऱ्या नव्या कादंबऱ्या मागवायच्या, वाचायच्या, कुणाला कुठली द्यायची ते ठरवायचं, आणि प्रत्येक नव्या पुस्तकाखाली फळीला चार ओळींची शिफारशीची चिठ्ठी चिकटवायची. मोठी माणसं पुस्तक आवडलं नाही तर मुकाट्यानं परत करतात. पोरं तोंडावर सांगतात. त्यामुळे न वाचता चिठ्ठी लिहिण्याची सोय नव्हती.

आणि वाचून वाचून ताईंना वीट आला होता. नव्या गठ्ठ्यातलं कुठलंही पुस्तक उचला, सुरुवातीलाच कुणीतरी दगावलेलं असायचं, बहुतेक करून आई. मग नवं गाव, नवी शाळा, समोरच्या खिडकीतला अबोल मुलगा. खाली मासिकं सांभाळणारे एक थट्टेखोर गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता विचारायचे, “काय ताई, आज कुणाची आई गेली?”

“आज वडील,” ताई पोळीचा तुकडा मोडत सांगायच्या.

अधूनमधून एखादं पुस्तक असं निघे की बसमधून उतरायचं भान राहू नये. पण तेवढ्या एकासाठी ढिगारा उपसायचा, आणि तोही डोळ्यांची आग होत असताना. पोरांची दुःखं खोटी होती असं नाही. ताईंच्या जवळची जागाच भरून गेली होती.

ती भरली होती अप्पांनी. अप्पा म्हणजे ताईंचे वडील. बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी केव्हा सुटली नि केव्हा आली, हे टिपण्यात त्यांचा जन्म गेला. कादंबरी हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं ठाम मत. आई गेल्यावरही ते एकटे राहत, स्वतःचं स्वतः करून खात. मग एका सकाळी दात घासताना उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत राहिलं. इस्पितळातून त्यांना नेमकं कुठे न्यायचं, यावर चर्चा अशी झालीच नाही. ताईंचं लग्न राहून गेलेलं, घर दोन खोल्यांचं का होईना स्वतःचं, आणि भाऊ दूरच्या शहरात. अप्पांची खाट ताईंच्या बाहेरच्या खोलीत आली.

भाऊ दर रविवारी फोनच्या पडद्यावर यायचा. “व्यायाम नियमित चाललाय ना गं? आपण सगळ्यांनी उमेद धरली पाहिजे.”

उमेद तू धर, चादरी मी धुते, असं ताईंच्या अगदी ओठांवर यायचं. म्हणायच्या मात्र एवढंच, “हो रे.”

दिवसा अप्पांना बघायला एक मावशी यायच्या. ताईंनी दारात पाऊल टाकलं की त्यांचं पाऊल चपलेत. तिथून पुढे भरवणं, भांडं देणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, हे सगळं ताईंकडे. वाचायला सवडच राहिना. फळीवरची नवी पुस्तकं चिठ्ठ्यांवाचून उभी राहिली. मुख्य ग्रंथपाल रागावले नाहीत, नुसते फळीसमोर थोडं जास्त वेळ थांबले. ते ताईंना रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून एका संध्याकाळी त्यांनी पाण्याच्या तांब्याला टेकवून पुस्तक उभं केलं आणि एका हातानं अप्पांना मऊ भात भरवता भरवता वाचायला लागल्या. चार घास झाल्यावर अप्पांनी तोंड मिटलं.

“ओठ हलवतेस,” ते जड जिभेनं म्हणाले. “त्यापेक्षा मोठ्यानं वाच.”

“पोरासोरांचं आहे, अप्पा. तुम्हाला नाही आवडायचं.”

“दिवसभर छत बघतो. ते काय आवडतं म्हणून?”

मग ताईंनी मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिल्या दिवशी अप्पा घोरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “त्या चष्मेवाल्या पोराचं पुढं काय झालं?” आणि तिथून गाडी रुळावर आली. अप्पांना मतं होती आणि ती ते घास गिळायच्या आत सांगत. “ही मैत्रीण दगा देणार, लिहून ठेव.” “या बापाला कामधंदा आहे का नाही? उठता बसता घरीच!” एका कादंबरीत नायिकेनं बस चुकली म्हणून प्रेमाची कबुली द्यायची संधी घालवली, तर ते चिडलेच. “पाच मिनिटांनी दुसरी असते. थांबायला काय झालं होतं?”

ताईंनी त्यांची मतं चिठ्ठ्यांमध्ये ढापायला सुरुवात केली. ‘यातले वडील सोडून बाकी सगळे शहाणे आहेत.’ ‘नायिका घाई करते. तुम्ही करू नका.’ मुलं फळीसमोर उभी राहून हसायला लागली, पुस्तकं जास्त जायला लागली. मुख्य ग्रंथपाल म्हणाले, “ताई, हल्ली तुमच्या लिहिण्यात जान आलीये.” ताईंनी मान हलवली. जान कुठून येते हे सांगायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

मग ते पुस्तक आलं. कव्हरवर एक खिडकी आणि अर्धा ओढलेला पडदा. गोष्ट दहावीतल्या मुलीची: अपघातानंतर वडील अंथरुणाला खिळलेले, आई कामावर, आणि मुलगी शाळेतून आल्यावर त्यांचं सगळं करते. सुरू करायच्या आधी पाठीमागचा मजकूर वाचला असता तर ताईंनी ते घरी आणलंच नसतं. पण गठ्ठ्यातून हाताला लागलं तसं आणलं, आणि दोन संध्याकाळींत अप्पा त्यात गुंतून गेले. नेहमीसारखं बोलत नव्हते. ऐकत होते.

तिसऱ्या संध्याकाळी ती मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ताईंची नजर सवयीनं दोन ओळी पुढे गेली आणि पुढचं बघून त्या क्षणभर थांबल्या. पान उलटलं. तिथेही तेच. आणखी एक पान उलटून त्यांनी एकदम पुढचं प्रकरण धरलं, “सोमवारी शाळेत गेले तेव्हा...”

“थांब,” अप्पा म्हणाले. “मधला स्टॉप गाळलास.”

“नाही हो.”

“ती भांडी घासत होती. हात साबणाचे होते. एकदम शाळेत कशी?”

“लिहिणारीनं तसंच लिहिलंय, अप्पा.”

“जन्मभर गाड्या टिपल्यात मी. न थांबता गेलेली गाडी मला कळते. मागं घे.”

ताईंनी तांब्यातलं पाणी घेतलं, गरज नसताना. मग चार पानं मागे आल्या आणि वाचू लागल्या. आवाज त्यांनी मुद्दाम सपाट ठेवला, वेळापत्रक वाचावं तसा. “बाबांना बरं वाटू दे, असं मी मागत नव्हते. मी मागत होते की हे संपू दे. कसं संपेल ते मला माहीत होतं. तरी मी मागत होते.” पुढे बरंच होतं; कपबशी फुटणं होतं, स्वतःचीच किळस येणं होतं. ताईंनी सगळं वाचलं. संपलं तेव्हा खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

“बरोबर लिहिलंय,” अप्पा म्हणाले. “पोरीला बोल लावू नये.”

“कोण लावतंय?”

“तुला वाटतं का तसं?”

ताईंनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं. खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं, आणि तेवढी चपळाई त्यांच्यात उरली नव्हती.

“दमले की वाटतं.”

“म्हणजे रोज,” अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली. ते हसत होते. ताईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी अप्पांच्या हनुवटीवर ओघळलेली लाळ पुसली.

“मलाही वाटतं,” अप्पा म्हणाले. “वाच पुढं.”

ताईंनी पुढे वाचलं.

किशोर विभागात नेमानं येणारी एक मुलगी होती, पंधराएक वर्षांची. कायम निळी लोकरीची टोपी घालायची, म्हणून ताई मनातल्या मनात तिला टोपीच म्हणायच्या. ती फळीजवळ उभ्या उभ्याच वाचायची आणि मध्येच कोपऱ्यात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलायची. “आई, पांढरी गोळी डावीकडच्या डबीत. नाही गं, ती नको, ती जेवणानंतरची.” ताईंच्या कानावर हे कितीदा तरी पडलेलं. तिच्यासाठी काय काढावं हे त्यांना कधी उमजत नव्हतं. आता उमजलं. पडद्याच्या खिडकीवालं पुस्तक त्यांनी बाजूला काढून ठेवलं आणि टोपी आल्यावर तिच्या हातात दिलं.

“शेवट वाईट आहे का?” टोपीनं विचारलं. हा तिचा ठरलेला प्रश्न.

“मधलं अवघड आहे. शेवट बरा आहे.”

टोपी ते घेऊन गेली आणि ताईंना कितीतरी दिवसांनी आपल्या कामाबद्दल जरा बरं वाटलं. योग्य पुस्तक योग्य हातात, म्हणतात तसं. जेमतेम दोन दिवसांत टोपी परत आली आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

“एवढ्यात झालं?”

“नाही. थोडं वाचून सोडलं.” ती टोपी खाली ओढत म्हणाली. “चांगलंय मॅडम, खरंच. पण हे मला घरी आयतं मिळतं. वाचायला कशाला?”

ताईंना चपराक बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं पुस्तकं देऊनही ही साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

“मग काय देऊ?”

“ड्रॅगनवालं. जाडं. ज्यात कुणी आजारी पडत नाही. जखमी झालेले चालतील.”

तसलं पुस्तक होतं, तीन भागांचं, विटेएवढं एकेक. ताईंनी जाडी बघूनच ते टाळलं होतं. “हे मी वाचलेलं नाही,” त्यांनी सांगून टाकलं. “शिफारस करता येणार नाही.”

“मग मी वाचून सांगते तुम्हाला,” टोपी म्हणाली आणि वीट पोटाशी धरून निघाली.

खिडकीवाल्या पुस्तकाची चिठ्ठी ताईंनी त्या दिवशी लिहिली. ‘स्वतः दमलेल्या मुलांनी हे वाचू नये. ज्यांच्या घरात कुणी दमलं आहे आणि बोलत नाही, त्यांनी जरूर वाचावं.’ संध्याकाळी ती हकिकत ऐकून अप्पा इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि ताईंना त्यांना उठवून बसवावं लागलं. “शहाणी आहे पोरगी,” ठसका थांबल्यावर ते म्हणाले. “आण ते ड्रॅगन.”

टोपीनं आठवड्याभरात वीट परत केली. “सुरुवात कंटाळवाणी. तो पहिला किल्ला पडला की मग सोडू नका.” तिच्या सांगण्यावर ताईंनी ती घरी नेली. किल्ला पडायला बऱ्याच संध्याकाळी गेल्या. आणि पडला त्याच संध्याकाळी, वाक्य अर्ध्यावर असतानाच, खुर्चीत ताईंना झोप लागली.

जाग आली ती उजाडल्यावर. मान आखडलेली, दिवा तसाच चालू, पुस्तक जमिनीवर. अप्पा जागे होते. ताईंनी पांघरूण उचललं. चादर, गादी, सगळं ओलं.

“हाक का नाही मारलीत?”

“झोपली होतीस.”

“म्हणून असं भिजत पडायचं? पाठीला जखमा झाल्या तर कोण निस्तरणार? मीच ना? माझ्यावर उपकार करायचे असतील तर हाक मारा, अप्पा. असले उपकार नकोत मला.”

त्यांचा आवाज चढला होता. शेजारी ऐकत असतील याची त्यांना फिकीर नव्हती. अप्पांनी डावा हात खाटेच्या कडेला धरला आणि ताईंना चादर काढता यावी म्हणून जमेल तेवढं अंग उचललं. फार जमलं नाही, पण त्यांनी उचललं. ताईंनी चादर ओढली, पाठ पुसली, नवी अंथरली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं. चादर पिळता पिळता त्यांच्या लक्षात आलं की आज आपल्याला बसपर्यंतही चालवणार नाही.

मावशी आल्या तेव्हा ताईंनी वाचनालयात फोन करून रजा टाकली होती. “बरं नाहीये का?” मुख्य ग्रंथपालांनी विचारलं.

“नाही, झोपायचंय,” ताई म्हणाल्या. दुसरं कारण शोधायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही.

आतल्या खोलीचं दार लोटून त्या पडल्या त्या थेट दुपार कलेपर्यंत. डोळे उघडले तेव्हा कुणीतरी बोलत होतं. मावशींचा आवाज होता. अडखळत, प्रत्येक जोडाक्षराशी झुंजत त्या वाचत होत्या. “सेनापतीनं तल... तलवार म्यानातून... हे काय हो काका?”

“उपसली,” अप्पा म्हणाले. “उपसली आहे ते. वाचा.”

मावशी वाचू लागल्या. ताई उठल्या नाहीत. कुशीवर वळून त्यांनी गुडघे पोटाशी घेतले आणि ऐकत राहिल्या. पंख फुटलेल्या त्या जनावरावर चढून कोण कुठे निघालं होतं, ते त्यांना नीटसं लागत नव्हतं. लावायची गरजही नव्हती. थोड्या वेळानं त्यांना पुन्हा झोप लागली.