वाट्याला आलेली बाजू

मुलांनो,

"मंग घरचं कोनं पाह्यलं?" असं प्रत्येक सिनेमाला विचारणाऱ्या एका बाईंबद्दल आज लिहिते आहे. मग घरचं कोणी पाहिलं, असा त्याचा अर्थ. आमच्या वऱ्हाडात असं बोलतात.

आजच लिहायचं कारण असं की या आठवड्यात दोन पत्रं आली. एक तुमच्यातल्या धाकटीचं. तिच्या कॉलेजात नव्या चित्रपटावर वादविवाद झाला. तिला नको असलेली बाजू चिठ्ठीत निघाली, तरी ती त्याच बाजूनं बोलली आणि जिंकली. "आजी, माझा स्वतःच्याच बोलण्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!" असं तिनं लिहिलं आहे. दुसरं पत्र मलकापूरचं. त्या बाई गेल्याचं त्यात कळवलं आहे. दोन्ही पत्रांवर मी मिळाल्याची तारीख टाकली, घडी घालून ठेवली आणि मेथी निवडायला बसले. रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही.

ही माझ्या तरुणपणची गोष्ट; तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. तुमचे आजोबा मलकापूरच्या कोर्टात नव्यानं वकिली करत होते, आणि मी नागपूरला इंग्रजी घेऊन पदवीधर झालेली, त्यांच्यामागून तिथे आलेली. गावात कापूस ठासून भरलेले बोद, सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे आणि आगगाड्या. बोलायला माणूस नाही. मग बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा येऊ लागला. त्या तंबूनं मला तीन मैत्रिणी दिल्या.

एक मुलींच्या शाळेच्या बाई, पुण्याकडच्या. दुसऱ्या भाभी, कापडाच्या मुसलमान व्यापाऱ्याच्या घरच्या. गाण्यातल्या उर्दू शब्दांचे अर्थ आम्ही त्यांना विचारायचो. आणि तिसऱ्या या, 'घरचं कोनं पाह्यलं' विचारणाऱ्या. त्यांचा नवरा जिनात मिस्त्री होता. घरी दोन म्हशी होत्या, आमच्याकडे रतीब त्यांचाच. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मूलबाळ नव्हतं.

वहिनी तंबूत यायच्या त्या म्हशींसाठी सरकी भिजत घालून. बायकांच्या बाजूला कनातीलगत सतरंजी टाकून बसायच्या. यंत्र एकच होतं, प्रत्येक रीळ संपलं की थांबायचं, आणि रीळ बदलेपर्यंत वहिनींचा निकाल तयार असायचा.

"राणी बारा वर्षं वनात राह्यली, आन् लुगड्याची घडी मोडली नाही?"

नायक होडीत बसून तीन गाणी म्हणायचा, घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली. आम्ही गाण्यात रंगलेल्या, आणि वहिनी कानाशी कुजबुजायच्या, "मंग घरचं कोनं पाह्यलं?"

एकदा पडद्यावर एक गरीब विधवा भाकरी भाजत होती. भाकरी तव्यावर टाकून ती आभाळाकडे बघत देवाची विनवणी करू लागली. बायकांचे पदर डोळ्यांशी गेले. एवढ्यात वहिनी मोठ्यांदा म्हणाल्या, "अवो, उलथवा ना! भाकर जळून राह्यली!" कनातीपलीकडचे पुरुषसुद्धा हसले. त्यानंतर त्या विधवेनं प्राण सोडला तेव्हा कोणालाही रडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तंबूच्या मॅनेजरनं निरोप पाठवला, "मिस्त्रीणबाईंनी मनातल्या मनात बोलावं."

शाळेच्या बाई त्यांची भाषा सुधारायला बघत. "अहो वहिनी, मले नाही, मला."

"तुम्हाले भूक लागली म्हंजे 'मला' लागते," वहिनी म्हणाल्या, "आमाले 'मले' लागते. जेवाले तर दोघीही बसतो."

भाभी हसून हसून लोळायच्या. "तौबा, बाईजी, इनसे मत उलझो."

नवा सिनेमा पाहिला की दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओसरीवर बैठक. बसून काय करायचं, म्हणून वाती वळायच्या. कापसाला तिथे तोटा नव्हता. पण नुसत्या गप्पा मला चालत नव्हत्या. कॉलेजात मी वादविवाद मंडळाची चिटणीस होते. मी नियम घातले. सिनेमावर एक ठराव मांडायचा. दोघींनी त्याच्या बाजूनं बोलायचं, दोघींनी विरुद्ध, आणि बाजू आळीपाळीनं वाट्याला येईल ती. आपलं मत काय ते बाजूला ठेवायचं. बुद्धीला त्यानं धार येते, असं मी त्यांना समजावलं होतं. शेवटी दोन ताटल्या मांडायच्या, एक ठरावाच्या बाजूची, एक विरुद्ध. ज्या बाजूचं पटलं तिच्या ताटलीत प्रत्येकीनं एक वात टाकायची.

वहिनी कधीच वात टाकत नसत. आपली वात त्या मांडीवर ठेवून द्यायच्या. "मले नाही पटलं. ना हे, ना ते."

"असं चालत नाही वहिनी, कुठंतरी टाका."

"पटल्याबिगर कशी टाकू?"

नियम मोडणारी एकच सभासद, म्हणून मी त्यांच्यावर चिडायची.

आता ज्या आठवड्याबद्दल सांगायचं आहे, त्या आठवड्यात त्यांच्या घरी काय चाललं होतं ते मला पुढे कळलं. तुम्हाला आधीच सांगते. मूल व्हावं म्हणून मिस्त्रींनी स्वतःचं दुसरं लग्न ठरवलं होतं. तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. वहिनींचा भाऊ उंद्रीला शेती करायचा. त्यानं निरोप पाठवला होता, शुक्रवारी बुलढाण्याच्या मोटारीनं येतो, तू माझ्यासोबत चल, मी तुला सांभाळतो. जायचं की राहायचं हे वहिनींना शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं. आम्हा तिघींपैकी कोणाला त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात तंबूत जो सिनेमा आला त्यात नवरा सवत आणतो. थोरली दारात तबक घेऊन उभी राहते, नवीला ओवाळते, गाणं म्हणते. गाणं फार सुंदर होतं. वहिनी त्या खेळात एकदाही बोलल्या नाहीत.

बुधवारी दुपारी बैठक बसली. ठराव मीच मांडला: थोरलीनं केलं ते बरोबर केलं. आळीपाळीत मी आणि भाभी ठरावाच्या बाजूला आलो, शाळेच्या बाई आणि वहिनी विरुद्ध. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला तो सिनेमा संतापजनक वाटला होता. पण बाजू वाट्याला आली होती.

शाळेच्या बाई स्त्रियांच्या हक्कांवर बोलल्या, जरा लांबलं. भाभींनी गाण्याची एक ओळ म्हणून दाखवली आणि "बस, मुझे इतना ही कहना है" म्हणून मोकळ्या झाल्या. मग वहिनी बोलल्या. एरवी त्या तीन वाक्यांत तिघींना गार करायच्या. त्या दिवशी त्यांनी प्रश्नच विचारला.

"तिले भाऊ नव्हता का? सिनेमात तिचा भाऊ दाखवलाच नाही. काऊन नाही दाखवला? भावाकडे जाता आलं असतं ना तिले?"

आम्ही हसलो. शाळेच्या बाई म्हणाल्या, "अहो, भाऊ दाखवला तर सिनेमा मध्यंतरातच संपेल की!"

शेवटी मी उठले. ओसरीवर मी उभी राहून बोलत असे. मी म्हणाले, भाऊ असला तरी तिथे चूल भावजयीची. तिथे ही जन्मभर पाहुणी. इथे मात्र दारात ओवाळायला जी उभी राहते ती घरची धनीण आणि जी माप ओलांडून येते ती परकी. थोरली निघून गेली असती तर घर त्याच दिवशी दुसरीचं झालं असतं. आणि मग मी वहिनींकडे हात केला. "आमच्या वहिनी नेहमी विचारतात, घरचं कोणी पाहिलं? आज उत्तर आहे. या बाईनं पाहिलं."

आजही ते भाषण मला चांगलं वाटतं. त्याची बांधणी चांगली होती.

भाभींनी टाळ्या वाजवल्या. मी ताटल्या पुढे केल्या. वहिनींनी वात बोटांत धरून ठेवली होती.

"वकिलीणबाई," त्या म्हणाल्या, "हे खरंच वाटते तुम्हाले? का बोलाचं म्हणून बोलून राह्यल्या?"

मतं पडायची होती. पडण्याआधी आपली बाजू सोडायची नसते, हा नियम मीच घातलेला.

"खरंच वाटतं," मी म्हणाले.

"हाव?"

"हो."

त्यांनी वात माझ्या बाजूच्या ताटलीत टाकली. त्यांची ती पहिलीच वात. "अखेर वहिनींना एकदा पटलं!" असं म्हणून मी सगळ्यांना चहा केला.

शुक्रवारी भाऊ आला आणि एकटाच परत गेला. हेही मला तेव्हा कळलं नाही. रतीब नेहमीसारखा येत होता. पंधरा-वीस दिवसांनी वहिनी करंडा घेऊन दारात आल्या. मला कुंकू लावलं. "नवी आली घरी. सोमवारी हळदी-कुंकवाले या."

मी आजोबांना विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. पोटगी मिळेल का हे विचारायला तो भाऊ त्या शुक्रवारीच त्यांच्याकडे येऊन गेला होता. जाताना म्हणाला होता, "पण आता काय उपयोग, बहीण येतच नाही म्हणते. तुमच्या बाईसाहेबांनी तिले समजावून सांगतलं म्हणे." अशिलाचं घरी सांगायचं नाही, म्हणून आजोबा गप्प राहिले होते.

सोमवारी मी हळदी-कुंकवाला गेले. नवी सोळा-सतरा वर्षांची असेल, घाबरलेली. वहिनी तिच्या लुगड्याच्या निऱ्या नीट करत होत्या. मी वाण घेतलं आणि घरी आले. खरं काय ते त्यांना सांगायला हवं होतं. अजून वेळ होता, भाऊ पुन्हा आला असता. मी सांगितलं नाही. उद्या सांगू, असं काही दिवस वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. वहिनी पुन्हा तंबूत आल्या नाहीत, ओसरीवरही नाहीत. तिघींत बाजू पडेनात, म्हणून बैठक मोडली.

पुढे आम्ही नागपूरला गेलो. सात-आठ वर्षांनी मुंबईला जाताना गाडी मलकापूरला थांबणार होती, तसं मी कार्ड टाकलं. वहिनी फलाटावर आल्या. बरोबर नवीची तीन मुलं. सगळ्यात धाकटी त्यांच्या कडेवर होती, दोघांनी पदर धरलेला. त्यांनी खिडकीतून खव्याचा पुडा दिला. केस पिकले होते. मी त्यांची तब्येत विचारली, म्हशींचं विचारलं. मग एकदम म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी ती बाजू माझ्या वाट्याला आली होती म्हणून बोलले. माझं मत तसं नव्हतं. कधीच नव्हतं."

वहिनींनी कडेवरच्या मुलीचं नाक पुसलं.

"आता काऊन सांगता?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रतीब वाढवायचा का, हे विचारावं तसं विचारलं. शिट्टी झाली. त्यांनी मोठ्या मुलाला गाडीपासून मागे ओढलं, आणि मुलं मोजतात तशी तिघांच्या डोक्यांवरून नजर फिरवून त्या पुलाकडे वळल्या.

परवाचं पत्र कडेवरच्या त्या मुलीचं आहे. मोठी आई गेली, शेवटपर्यंत हिंडती-फिरती होती, असं तिनं लिहिलं आहे. स्वतःच्या आईबद्दल एक ओळ आहे, मोठ्या आईबद्दल पान भरून. त्या घरात वहिनी सुखी होत्या की नाही हे मला त्या पानावरून सांगता येत नाही. उंद्रीला सुखी झाल्या असत्या का, हेही सांगता येत नाही. मी तीनदा वाचलं.

धाकटे, तू जिंकलीस याचं अभिनंदन मी वेगळ्या पत्रात केलं आहे. हे त्याच्याबरोबर नको, म्हणून निराळं लिहिलं.

शाळेच्या बाई पुण्याला वारल्या. भाभी हैदराबादेला मुलाकडे गेल्या आणि तिथेच गेल्या. आता वहिनी. त्या बुधवारी ओसरीवर मी काय बोलले, ते ऐकलेल्या चौघींपैकी मी एकटीच उरले आहे.