उभ्याने तोंड धुणे

उतारवयात माणसाचा मान उभ्याने तोंड धुता येण्यात असतो, असं माझं ठाम मत झालं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वडिलांचं उकिडवं बसणं बंद झालं. म्हणून वाशीमच्या घरातल्या चिमुकल्या न्हाणीत मी कोपऱ्यात बेसिन आणि त्याखाली दोन दारांचं कपाट करून घेतलं. जागेसाठी पाण्याचा ड्रम बाहेर गेला.

"काका, तोटी फिरवा अन् तोंड धुवा. ड्रम कायले पायजे?" मिस्त्री म्हणाला.

"नळ चार दिवसाआड येते," वडील म्हणाले, "माह्या तोंडाले रोज पानी लागते."

ड्रम परत आत आला आणि बेसिनसमोरच मावला. कपाटाची दारं आता उघडत नाहीत. वडील ड्रमशी उभे राहून तांब्याने तोंड धुतात. ड्रम पहिल्यापासूनच त्यांच्या कमरेइतका उंच आहे.