इस्त्रीचा दुसरा घाव

तिच्या हाताखालून गेलेला शर्ट असा उभा राहायचा की गल्लीत सगळे तिला 'कडक काकू' म्हणत. स्वभावाने मात्र ती लोण्याहून मऊ. नवरा गेल्यावर पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि मागच्या खोलीत ती नि कॉलेजात जाणारी लेक, एवढाच संसार उरला होता.

एका दुपारी कपडे न्यायच्या निमित्ताने एक माणूस आत शिरला आणि त्याने लेकीच्या गळ्याला सुरा लावला. कपाटाची किल्ली मागू लागला. काकूने मागचापुढचा विचार न करता हातातली तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर हाणली. सुरा पडला, लेक निसटून तिथेच खाली बसली. आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काकूने दुसरा घाव घातला, डोक्यात. तो दाराशी कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

काकूला अटक झाली, मग जामीन मिळाला. वकीलबाईंनी तिला नीट समजावलं. जीव वाचवायला मारण्याचा हक्क असतो, पण धोका असेल तोवरच. पळणाऱ्याच्या पाठीत पोलिसांनासुद्धा उगाच गोळी घालता येत नाही, मग तुम्हाआम्हाला कुठून? पहिल्या घावाबद्दल कुणी ब्र काढणार नाही. प्रश्न दुसऱ्याचा. तो पळायला वळला होता, की सुरा उचलायला वाकला होता?

"मला माहीत नाही," काकू म्हणाली.

सोबत तिचा दीर आला होता. घरी आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, वाकला होता म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. पोरीकडे बघा."

"भावजी, दिसलं असतं तर म्हटलंच असतं."

लेकीने तेव्हा डोळे गच्च मिटले होते, तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

खटला उभा राहीपर्यंत काकूचा जीव थाऱ्यावर नव्हता. इस्त्री कपड्यावर तशीच राहून जाई. कुणाची कॉलर जळे, कुणाची बाही. काम अर्धं टाकून ती दाराशी जाई, वाकून बघे, वळून बघे, पुन्हा टेबलाशी येई. एकदा तिने लेकीलाच दाराशी उभं केलं. आधी वाक म्हणाली, मग पळायला वळ म्हणाली. लेकीने दोन्ही केलं आणि तिथेच रडू लागली. काकूला टेबलाजवळून दोन्ही सारखंच दिसलं होतं.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, त्याचं तोंड तुमच्याकडे होतं का?

"नाही. पाठ होती."

मागे बसलेल्या दिराने कपाळाला हात लावला.

मग मारलं कशाला, असं वकिलांनी विचारलं.

"सुरा कुठे पडला ते दिसत नव्हतं. लेक त्याच्या पायाशी होती. तेवढंच कळत होतं."

न्यायाधीशांनी तिला निर्दोष सोडलं. धोका टळला हे तिला त्या क्षणी कळलंच असेल असं सिद्ध होत नाही, आणि भेदरलेल्या माणसाने घाव तोलूनमापून घालावा अशी अपेक्षा करता येत नाही, असं ते म्हणाले.

दिराने कोर्टाच्या पायरीवरूनच फोन लावायला सुरुवात केली. काकू वकीलबाईंपाशी थांबली.

"मला अजून कळलं नाही, मग कोर्टाला कसं कळलं?"

"कोर्टालाही कळलं नाही, काकू. शंका राहिली. ती तुमच्या पदरात टाकली."

काकूने मान हलवली. काही दिवसांनी तिने पुन्हा काम घेतलं. आता कुणाची कॉलर जळत नाही. पण दारात कुणी पाठमोरं वाकलं, चपलेचा पट्टा लावायला का होईना, की ती इस्त्री खाली ठेवते आणि तो माणूस सरळ उभा राहीपर्यंत उचलत नाही.